सणसवाडीच्या गेटवरचं काठमांडू

केंदूरच्या सुलक्षणा साकोरेला कुणी 'तू काय काम करतेस' असं विचारलं, की ती 'कंप्युटरमध्ये आहे' एवढंच सांगून सुटते. पूर्वी सविस्तर सांगायची. एकदा चुलत्याला तिनं सांगितलं, की मी कारखान्यांच्या हजेरीचा प्रोग्राम लिहिते. चुलत्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हजेरी म्हंजी मास्तरीणच की." तेव्हापासून ती गावात कंप्युटरची मास्तरीण आहे. दर जूनमध्ये कुणी ना कुणी पोराला हाताला धरून दाखल्यासाठी तिच्या दारात येतं, आणि तीही आता त्यांना पाणी देऊन खऱ्या शाळेचा रस्ता दाखवते.

तिचं ऑफिस सणसवाडीला, हायवेला लागून, पाइप आणि नळांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. ऑफिसात माणसं चार. मालकाचं नाव सतीश सर. हे गृहस्थ मनानं चांगले, पण गिऱ्हाइकाचा फोन आला की खुर्चीतून उठून उभे राहतात आणि फोन संपेपर्यंत बसत नाहीत. त्यांच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात छापलंय, 'मशीन खोटं बोलत नाही'. अंगठा ठेवला की वेळ नोंदली जाते, नोंद सर्व्हरवर जाते, आणि महिनाअखेर कोण किती वेळा उशिरा आलं याची यादी बाहेर पडते. सणसवाडीतल्या सव्वीस कारखान्यांत हा प्रोग्राम चालतो आणि तो बहुतांशी सुलक्षणानं लिहिलाय.

मुलगी स्वभावानं गरीब. आवाजही बारीक. पण 'नाही' हा शब्द तिच्या तोंडात कायम पुढच्या रांगेत बसलेला असतो. लहानपणी शाळेत गुरुजींनी फळ्यावर गणित सोडवून 'बरोबर ना?' असं नुसतं सवयीनं विचारलं, तेव्हा वर्गातून एकच बारीक आवाज आला, "नाही." गुरुजींचा हातचा एक राहिला होता. तो त्यांना पुढं निवृत्तीपर्यंत लक्षात राहिला.

तिचं कॉलेज दौंडला झालं आणि राहणं कासुर्डीला मामाकडं. या मामाच्या घरात तीन घड्याळं होती आणि तिन्ही चालू होती, पण एकाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं. स्वयंपाकघरातलं दहा मिनिटं पुढं, कारण डेअरीला दूध वेळेत गेलं पाहिजे. ओटीवरचं वीस मिनिटं पुढं, कारण यवतहून दौंडची गाडी सापडली पाहिजे. आणि मामाच्या मनगटावरचं बरोबर, कारण कुणीतरी बरोबर असलं पाहिजे. घरात कुणी 'किती वाजले' असं विचारलं, की मामी चुलीपासून आधी विचारायची, "कुठल्या घड्याळात?" सुलक्षणा तीन वर्षं या घरात राहिली आणि मनातल्या मनात वजाबाकी करत वेळेवर कॉलेजात पोचली. पुढं परीक्षेत 'टाइम झोन म्हणजे काय' हा प्रश्न आला. जगातल्या प्रत्येक ठिकाणाची आपली एक ठरलेली वेळ असते, हे लिहून झाल्यावर उदाहरण म्हणून तिनं मामाचं घर दिलं. दोनपैकी अर्धा गुण मिळाला. ती अजून म्हणते, की उत्तर पूर्ण बरोबर होतं.

हे सगळं गेल्या श्रावणात घडलेल्या एका गोष्टीसाठी सांगायला हवं. त्या गोष्टीत सुलक्षणा सतीश सरांना नाही म्हणाली, डेन्मार्कमधल्या एका माणसाला नाही म्हणाली, आणि या सगळ्याची सुरुवात दुसऱ्याच एका बाईच्या 'न्हाई'नं झाली.

त्या बाईचं नाव साखरबाई. सुलक्षणाच्याच आळीतली. सणसवाडीला पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या एका कारखान्यात ठेकेदारीवर अकरा वर्षं काम करते. सकाळची एसटी पकडायची, शिक्रापूरला उतरायचं, तिथून सहा आसनी रिक्षानं कारखान्याच्या गेटवर. अंगठा आठच्या आत, आठला पाच-सात मिनिटं कमी असताना. अकरा वर्षांत एकदाही उशीर नाही. एसटी बंद होती त्या दिवशी ती दुधाच्या टेम्पोत कॅनवर बसून आली होती, आणि टेम्पोवाल्याला म्हणाली होती, की दादा, दूध नासलं तरी चालंल, आठ वाजायला नकोत.

तर या साखरबाईला एका सोमवारी 'लेट' असं लिहिलेला कागद मिळाला. मंगळवारी दुसरा. बुधवारी तिसरा. कागदाखाली 'मला उशीर झाला हे मान्य आहे' असं छापलेलं आणि सहीची रेघ. त्या तीन दिवसांत असे कागद एकूण अकरा जणांना मिळाले. बाकीचे सगळे कंपनीच्या बसनं साडेसातलाच येतात, त्यामुळं ते वाचले. अकरांतल्या दहांनी सही केली. बिहारचा एक पोरगा म्हणाला, "काकी, कायको लफडा? साइन मारो, छुट्टी." साखरबाई म्हणाली, "तू मार बाबा. मला उशीर झाला न्हाई."

मॅनेजर इंद्रजीत साहेब नवीन होते, सहा महिन्यांपूर्वी आलेले. त्यांनी तिला समजावलं, की मावशी, सही केली की विषय संपतो. सही केली नाही, तर नियमाप्रमाणे सोमवारपासून गेटपास बंद. मशीनमध्ये आठ वाजून नऊ मिनिटं आलंय, मी काय करू?

"मशीनला इचारा," साखरबाई म्हणाली.

मशीनला विचारायचं म्हणजे कुणाला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बुधवारी संध्याकाळी ती सुलक्षणाच्या ओसरीवर येऊन बसली. चहा नको म्हणाली, ही गोष्ट गंभीर असल्याची खूण होती.

"सुले, तुझ्या मशीननं माझ्यावर आळ घेतलाय."

सुलक्षणानं मोबाइलवर नोंद उघडून पाहिली. सोमवार, आठ नऊ. मंगळवार, आठ अकरा. बुधवार, आठ आठ.

"काकू, इथं तर उशीरच दिसतोय. एसटी उशिरा आली असंल."

"एसटी आली तवाच आली. मी गेटवर उतरले तवा मोबाइलात सात त्रेपन्न झालं व्हतं."

"तुमच्या मोबाइलचं घड्याळ..."

"माझ्या मोबाइलचं घड्याळ, माझी एसटी, माझं पाय. समदं माझंच चुकतंय व्हय?"

"तसं नाही काकू. पण मशीनला तुमचं काय वाकडं असणार?"

"मशीनला काय वाकडं असनार? ते लोखंड हाय. पर त्याला सांगनारं कुनीतरी हाय का न्हाई? ती तू हायेस."

एवढं बोलून साखरबाई उठली. दारात थांबून म्हणाली, "काम गेलं तर दुसरं बघीन. सही न्हाई करायची. अकरा वर्सं खोटी पडत्यात." आणि गेली.

सुलक्षणाला जेवण गेलं नाही. शनिवारी इंद्रजीत साहेब काय ते ठरवणार होते, सोमवारी पास बंद. मध्ये दोन दिवस.

गुरुवारी सकाळी ऑफिसात तिनं सगळा प्रोग्राम आपल्या लॅपटॉपवर चालवून पाहिला. वेळ बरोबर. पुन्हा पाहिला, पुन्हा बरोबर. सतीश सर मागं येऊन उभे राहिले.

"बघ. मशीन खोटं बोलत नाही."

"माझ्या लॅपटॉपवर नाही बोलत, सर. गेटवर बोलत असेल."

"प्रोग्राम एकच आहे ना?"

"प्रोग्राम एकच आहे. कंप्युटर दोन आहेत. माझा लिनक्सवर चालतो आणि गेटवरचा विंडोजवर."

"बाईला सही करायला सांग," सतीश सर म्हणाले. "सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे आपलं."

ती लॅपटॉप आणि स्कूटीची चावी घेऊन निघाली. खाली पाइपवाल्यानं विचारलं, मॅडम जेवायला का? ती म्हणाली, नाही. या 'नाही'लाही थोडी धार आली होती, असं पाइपवाला नंतर सांगायचा.

गेटवर पोपटराव हरगुडे होते. साठीचे, नववीपर्यंत शिकलेले, सोळा वर्षं त्याच खुर्चीत. खाकी शर्टाची घडी अशी, की कागद कापला जावा. त्यांच्या डोक्यावर भिंतीला नवा मोठा स्क्रीन होता. जुनं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, म्हणून गेल्या आठवड्यात कंपनीनं हा लावला आणि गेटवरच्या कंप्युटरची वेळ त्यावर मोठी दिसू लागली. सुलक्षणानं वर पाहिलं. अकरा पंचवीस. मोबाइल पाहिला. अकरा दहा.

"आबा, हे घड्याळ पुढं आहे."

"हायेच. पंधरा मिन्टं. आजचं न्हाई, सोळा वर्सं हाय."

हे ऐकून तिला मामाच्या ओटीवर उभं असल्यासारखंच वाटलं. आपल्याकडं घड्याळ पुढं असणं हा बिघाड नसतो, ती व्यवस्था असते. गेटवरचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढं आहे हे मालकाला माहीत, कामगाराला माहीत, समोरच्या चहावाल्याला माहीत. सगळे वजा करूनच बघतात. आणि तरीही सगळ्यांना थोडी घाई होते, यातच त्याचं यश आहे. जुनं घड्याळ नुसतं भिंतीवर होतं. हजेरी कंप्युटरच्या वेळेवर चालायची आणि कंप्युटर बरोबर होता. दोघे सोळा वर्षं एकमेकांच्या वाटेला गेले नव्हते.

"पण आबा, ही तर कंप्युटरची वेळ आहे. ती इंटरनेटवरून आपोआप बरोबर होते."

"व्हती ना. लई चिकट जात हाय. मी पुढं करायचो, दुसऱ्या दिशी पुन्हा जाग्यावर. दोन दिस झुंजलो. साहेब म्हनले, जुन्या घड्याळावानी पंधरा मिन्टं पुढं ठिवा, आन् हे ऐकंना. मंग शनवारी त्या यादीत शिरलो."

"कुठल्या यादीत?"

"गावांची यादी हाय की आत. समद्या दुनियेची गावं. हितं बघ." पोपटरावांनी माउस असा धरला, जशी दुसऱ्याची तान्ही मुलगी धरावी. "हे आपलं मुंबई-चेन्नई. त्याच्या खाली श्रीलंका, पर ते आपल्याइतकंच. त्याच्या खाली काठमांडू. पंधरा मिन्टं पुढं. ना चौदा, ना सोळा. जनू आपल्यासाठीच ठिवलंय कुनी. तवापास्नं इंटरनेट गप हाय."

सुलक्षणा त्यांच्याकडं बघतच राहिली. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना तीन-तीन बैठका घेऊन जे सुचत नाही, ते या माणसानं एका शनिवारी, चष्मा कपाळावर ठेवून केलं होतं. एक अख्खा कारखाना त्यांनी नेपाळात नेऊन ठेवला होता आणि कुणाच्या चहाची वेळ चुकली नव्हती.

"आबा, हुशार आहात."

"मंग सोळा वर्सं हितं बसीवलंय ते काय हुगीच?"

पण मग तिला दुसरा प्रश्न पडला, आणि खरा प्रश्न तोच होता. नेपाळची वेळ लावली तर लावली. प्रोग्रामला तेवढं कळायला हवं. आठ नऊ आणि नेपाळ, म्हणजे आपल्याकडचे सात चोपन्न. तिच्या लॅपटॉपवर तिनं काठमांडू लावून पाहिलं, तर बरोबर सात चोपन्नच आले. मग गेटवर आठ नऊ का?

याचं उत्तर सापडायला तिला गेटवरच्या स्टुलावर बसून दुपारपर्यंतचा वेळ लागला. पोपटराव मधूनमधून विचारत, "घावलं का?" आणि येणाऱ्या ट्रकवाल्यांना सांगत, "गप ऱ्हावा, पोरगी शोधतीय."

सापडलं ते असं होतं. एखाद्या माणसाचं रेशनकार्डावर एक नाव असतं आणि आळीत दुसरं. कार्डावर पंढरीनाथ, आळीत बाळू. माणूस एकच. जगातल्या वेळांचंही तसंच आहे. काठमांडूच्या वेळेला लिनक्सच्या आळीत 'एशिया काठमांडू' म्हणतात, विंडोजच्या आळीत 'नेपाळ स्टँडर्ड टाइम'. दोन्ही नावं ओळखणारा कुणीतरी पोस्टमन लागतो. सुलक्षणा हा पोस्टमन स्वतः लिहीत बसली नव्हती. कांदा-लसणाचा मसाला आपण तयार आणतो तसे प्रोग्राम लिहिणारेही लोकांनी लिहून ठेवलेले तुकडे तयार घेतात, त्याला ते लायब्ररी म्हणतात. ही लायब्ररी डेन्मार्कमधल्या एका गृहस्थानं लिहिली होती, फुकट वाटली होती, आणि हजारो लोक ती वापरत होते. लिनक्सवर जगातल्या सगळ्या ठिकाणांची पोथी आधीच असते, तिथं पोस्टमनला काही पाठ करावं लागत नाही. विंडोजसाठी मात्र दोन्ही नावांची जोडी लावणारी एक यादी त्या गृहस्थानं हातानं केली होती. तीत न्यूयॉर्क होतं, टोकियो होतं, भारत होता. नेपाळ नव्हता.

बरं, नव्हता तर नव्हता. पण ओळखीचं नाव नसलं, तर पत्र परत पाठवावं की नाही? हा पोस्टमन तसं करत नव्हता. नाव कळलं नाही, की पत्र पहिल्या घरात टाकून हसत पुढं जायचा. पहिलं घर म्हणजे प्रोग्रामला नेमून दिलेली वेळ, म्हणजे भारताची. म्हणून नेपाळचे आठ नऊ हे भारताचे आठ नऊ म्हणून लिहिले गेले. कुठं लाल अक्षर नाही, कुठं घंटी नाही. आणि साखरबाईच्या हातात कागद.

तिनं त्याच दुपारी डेन्मार्कला कळवलं. हे काम उघड्यावर चालतं, इंटरनेटवरच्या एका पाटीवर, ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. शुक्रवारी सकाळी उत्तर आलं. उत्तर सभ्य होतं. तीन वाक्यं. हा दोष नाही, वापरणाऱ्याची चूक आहे. भारतात बसून नेपाळची वेळ लावू नये. विंडोजकडं आम्ही जमेल तेवढंच पाहतो, शक्यतो लिनक्स वापरावं. आणि खाली शिक्का, 'विषय बंद'.

सतीश सरांनी ते वाचलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "झालं तर मग. वापरणाऱ्याची चूक. आपण इंद्रजीत साहेबांना तसं पत्र देऊ. गेटवरच्या कर्मचाऱ्यानं चुकीची वेळ लावली. बाईचा उशीर रद्द, आपलं नाव स्वच्छ."

"आणि पोपटरावांचं?"

"त्यांचं काय करायचंय ते कंपनी बघंल."

"नाही," सुलक्षणा म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"त्यांनी चूक केली नाही, सर. पुढं ठेव म्हणून सांगितलं, त्यांनी ठेवलं. आणि कंप्युटरनं आपलं गाव सांगून ठेवलं, की बाबा, मी नेपाळात आहे. आपल्या प्रोग्रामनं ते ऐकलं नाही."

"अगं, तो डेन्मार्कवाला म्हणतोय..."

"तो म्हणू दे. त्यालाही मी आत्ताच नाही म्हणणार आहे."

आणि ती लिहायला बसली. तिचं इंग्रजी जेमतेम आहे, पण भांडणाचं इंग्रजी माणसाला आपोआप येतं. तिनं लिहिलं त्याचा आशय असा होता: महाशय, तुमच्या देशात सरकार दरवर्षी उन्हाळ्यात सगळ्या जनतेची घड्याळं एक तास पुढं करतं. आमच्याकडं पोपटराव हरगुडे एका गेटचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करतात. हेतू साधारण सारखाच. फरक एवढाच, की तुमच्या माणसाच्या पाठीशी कायदा आहे. तुमच्या सरकारच्या सवयीसाठी तुम्ही लायब्ररीत चारशे ओळी लिहिल्यात. पोपटरावांच्या सवयीसाठी मी एक ओळ मागितली, तर तुम्ही त्यांना चूक म्हणता. दुसरं असं, की आमच्या सव्वीस कारखान्यांच्या गेटवर विंडोज आहे. तुम्ही लिनक्स वापरा म्हणता, म्हणजे घर दुसऱ्या गावाला बांधा म्हणता. तिसरं आणि शेवटचं. तुम्हाला नेपाळ माहीत नसेल, तर राग नाही. पण माहीत नसेल, तर माहीत नाही म्हणा. गप राहून दुसऱ्याची वेळ लावू नका. तुमच्या गप राहण्यानं इथं एका बाईचं काम जातंय. विंडोजच्या सगळ्या नावांची यादी सोबत जोडली आहे. विषय बंद नाही.

या शेवटच्या वाक्यावर तिनं थोडा विचार केला आणि ते ठेवलं.

त्या गृहस्थानं पुढं दीड महिन्यानं अर्धं मान्य केलं. नाव ओळखीचं नसेल तर आता त्याची लायब्ररी थांबते आणि मोठ्यानं सांगते, की मला हे माहीत नाही. पूर्ण यादी मात्र त्यानं घेतली नाही. ती सांभाळायला वेळ नाही, म्हणाला. सुलक्षणा ती यादी स्वतःच सांभाळते आणि उघड्यावर ठेवते. ब्राझीलमधला एक जण ती घेऊन गेला. त्याच्याकडं कोण पोपटराव आहेत, ते तिला कळलं नाही. पण डेन्मार्कचा स्वभाव दीड महिन्यानं बदलला, आणि साखरबाईचा शनिवार उद्यावर आला होता. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सुलक्षणानं आपल्या प्रोग्राममध्ये सगळ्या नावांची यादी घातली आणि गेटवरच्या कंप्युटरच्या कच्च्या नोंदी काढून घेतल्या. त्या कंप्युटरनं प्रत्येक अंगठ्यापुढं इमानदारीनं 'नेपाळ' लिहून ठेवलं होतं. फक्त कुणी वाचलं नव्हतं.

शनिवारी सकाळी इंद्रजीत साहेबांच्या केबिनमध्ये सगळे जमले. केबिन गेटला लागूनच, त्यामुळं पोपटराव अर्धे आत, अर्धे बाहेर. साखरबाई दारात, जेवणाचा डबा हातात, चपला काढून उभी. सतीश सरांच्या खिशात त्यांचं पत्र होतं आणि सुलक्षणाच्या हातात तिचं. सतीश सरांचा हात दोनदा खिशाकडं गेला आणि दोनदा परत आला.

सुलक्षणाचं पत्र चार ओळींचं होतं. पहिली ओळ होती, 'चूक आमच्या प्रोग्रामची आहे.'

इंद्रजीत साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "सतीशराव, हे तुम्हाला मान्य आहे?"

सतीश सर उठून उभे राहिले. फोन नव्हता, तरी उभे राहिले. सुलक्षणानं त्यांच्याकडं पाहिलं नाही, ती समोर पाहत राहिली. मालक उभा असताना त्याच्याकडं न पाहणं ऑफिसातल्या माणसाला फार जड जातं.

"मान्य आहे," ते म्हणाले. बहुतेक त्यांनाच ते ऐकून आश्चर्य वाटलं असावं.

"ठीक. अकराही जणांचे उशीर रद्द करतो. पण पोपटराव, तुम्ही मला लेखी खुलासा द्या. कंपनीच्या कंप्युटरवर नेपाळ कशासाठी लावलं?"

"द्येतो की," पोपटराव म्हणाले. "सांगा, काय लिवू. पंधरा मिन्टं पुढं ठिव, आसं तुमी सांगितलं, त्ये लिवू का तुमच्या आधीच्या साहेबांनी सांगितलं, त्ये लिवू? त्यांच्या आधीच्यांनी बी सांगितलं व्हतं, पर त्ये आता वारले."

 

"साहेब," सुलक्षणा म्हणाली, "घड्याळ नेपाळातच राहू द्या. प्रोग्रामला आता कळतंय. उद्या त्यांनी आणखी कुठलं गाव लावलं तरी कळंल, आणि नाही कळलं तर तसं लाल अक्षरात सांगंल. माणसांनी आपली सवय प्रोग्रामसाठी बदलायची नाही."

"खुलासा राहू द्या," इंद्रजीत साहेब म्हणाले. मग दाराकडं वळून, जरा मऊ आवाजात, "मावशी, झालं तुमच्या मनासारखं. पास चालू. फक्त एवढी सही करा, म्हणजे तुम्हाला कळवलं असं होईल."

साखरबाईनं कागदाकडं पाहिलंही नाही. "मी न्हाई करायची."

"अहो, यात उशीर नाही लिहिलेला. उलट रद्द केलाय."

"रद्द म्हंजी काय? आधी झाला व्हता, मंग माफ केला, आसंच ना? झालाच न्हाई तर माफ काय करताय? मी येळेवर आले, आसं लिवून द्या. तीन दिसांचं तीन."

"लेखी?"

"माझ्याकडं तीन कागद आलं ते तोंडी आलं व्हतं का?"

साहेबांनी सतीश सरांकडं पाहिलं. सतीश सरांनी सुलक्षणाकडं पाहिलं. सुलक्षणानं कच्च्या नोंदींचा कागद पुढं सरकवला. साहेबांनी एक कोरा कागद घेतला, कंपनीचं नाव छापलेला, आणि लिहायला लागले. दोन मिनिटांत लिहून झालं.

"घ्या. आता यावर सही..."

"तुमी करा," साखरबाई म्हणाली. "उशीर तुमी लिवला व्हता."

इंद्रजीत साहेबांनी सही केली. त्या खुर्चीत बसल्यापासून सहा महिन्यांत त्यांनी इतकी सावकाश सही कधी केली नव्हती.

साखरबाईनं डबा खाली ठेवला, कागद दोन्ही हातांत धरला आणि बोट ठेवून वाचायला लागली. तिची शाळा चौथीपर्यंतची, त्यामुळं वेळ लागत होता. सगळे उभे होते. बाहेर एक ट्रक हॉर्न देत होता आणि पोपटराव जागचे हलत नव्हते. बोट पहिल्या ओळीवर थांबलं.

"हे काय लिवलंय? सुमारे?"

"सुमारे सात चोपन्न. म्हणजे साधारण."

"साधारन कशापायी? पोरीनं काढून दिलंय की. सात चोपन्न."

"मावशी, तशी पद्धत असते लिहायची."

"सुमारे काढा."

साहेबांनी पेन उचलून पहिल्या ओळीतला 'सुमारे' खोडला. साखरबाईनं बोट दुसऱ्या ओळीवर नेलं.

"हितलं बी."

दुसरा खोडला. तिसराही. मग तिनं सांगितलं, की खाडाखोड हाय, शेजारी सही लागंल, आणि साहेबांनी तीन ठिकाणी बारीक सही केली.